डाळीला प्रयोगशाळेत नेणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

देगलूर परिसरात तुरीची काढणी झाली की घरोघरी वर्षाच्या डाळीची जुळवाजुळव सुरू होते. कोणी घरची तूर भरडून आणते, कोणी बाजारातून पाच-दहा किलो डाळ घेते. ऊन दाखवायचे, एरंडेलाचा हात फिरवायचा, डबे भरायचे. वरण-भाकरी हे इथले रोजचे जेवण. दूध-अंडी ज्यांना रोज परवडत नाहीत, त्यांच्या शरीराला लागणारी प्रथिने मुख्यतः या डब्यातूनच येतात. या डाळी-कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास करण्यात ज्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली, त्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या कमला भागवत. जन्म १९११ मधला, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठीतील मोठ्या लेखिका झाल्या. त्यांनी लोकसंस्कृतीवर लिहिले, तसे ‘खमंग’ नावाचे पाककलेचे पुस्तकही लिहिले. एका बहिणीने स्वयंपाकघराकडे संस्कृतीच्या अंगाने पाहिले, दुसरीने रसायनशास्त्राच्या.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचे, असे ठरवून त्यांनी बंगळुरूला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाईंनी हा नकार मान्य केला नाही. त्या थेट बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलायचे नाही, असा सत्याग्रही पवित्रा त्यांनी घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष तात्पुरते असेल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीचा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. तरी अटी मान्य करून त्यांनी काम सुरू केले.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे, पण विद्यार्थ्याला घडवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. कमलाबाईंचा प्रवेश पक्का झाला आणि पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. १९३६ मध्ये याच संशोधनावर त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली.

शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिजमध्ये गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या शोधातील कामासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. इथेही कमलाबाईंच्या हाती एक स्वयंपाकघरातीलच वस्तू आली, बटाटा! बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन असते आणि पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, हे त्यांनी दाखवले. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. तो मान्य झाला आणि केंब्रिजमधून विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या.

परदेशात राहून मोठे नाव मिळवता आले असते. पण १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा कडधान्यांचाच विषय हाती घेतला. डाळी-कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, पण ती सगळी अंगी लागतात का, हा प्रश्न होता. आपण खाल्लेली प्रथिने लहान आतड्यात पचतात. ती तोडण्याचे काम स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर करते. कच्च्या कडधान्यांत मात्र या ट्रिप्सिनलाच अडवून धरणारे घटक असतात. सोहोनी यांनी भारतीय खाद्यपदार्थांत हे घटक कुठे आहेत ते तपासले. वाल आणि डबल बीन यांतून तर ते स्फटिकरूपात वेगळे काढले. १९५५ मध्ये हे काम ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आपल्या चुलीपाशी याचा अर्थ सोपा आहे. हे घटक बरेचसे पाण्यातल्या उष्णतेने निकामी होतात. म्हणून कडधान्य सात-आठ तास भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात बोटाने चेपेल इतके मऊ शिजवावे. राजम्याच्या बाबतीत तर ही काळजी फार गरजेची. त्यातील आणखी एका घटकामुळे कच्चा-पक्का राजमा खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. तो खळखळ उकळायला हवा किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजायला हवा. मंद आचेवर नुसता कोमट ठेवून भागत नाही. लवकर शिजावे म्हणून खायचा सोडा टाकण्याची सवय मात्र सोडलेली बरी, कारण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते. पण उन्हाळ्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात, तेव्हा उसळ करून किंवा वाफवून खाणे चांगले. आणि वरणाबरोबर भाकरी किंवा भात हवाच. धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळीत असतात, डाळीत कमी असतात ते धान्यात.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचाही अभ्यास केला. शिंदी आणि ताडाची झाडे आपल्या सीमाभागाला नवी नाहीत. पहाटेची गोड नीरा काही तासांत आंबते आणि तिची ताडी होते, हेही इथे सर्वांना माहीत आहे. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आणि आदिवासी भागातील कुपोषित मुलांना व गर्भवतींना तिचा उपयोग होत असल्याचे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दूध नासू नये यासाठी सल्ला दिला.

नीरा असो, दूध असो की वरण, ओलावा आणि ऊब मिळाली की जंतू कामाला लागतात. एप्रिल-मे महिन्यात सकाळचे वरण संध्याकाळी आंबते, त्याला तार सुटते, ते यामुळेच. म्हणून एका वेळेपुरतेच शिजवावे. उरलेच तर पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाण्याआधी पुन्हा उकळावे. वास बदललेले वरण उकळून वाचवू नये. काही जंतूंनी सोडलेले विष उकळल्यानेही जात नाही. कोरड्या डाळीचा नियमही हाच. ती दाताखाली कडकन फुटेल इतकी वाळलेली हवी, उन्हातून आणल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये आणि ओला हात डब्यात घालू नये. एरंडेलाचा पातळ थर दिल्याने भुंग्यांना दाण्यावर अंडी घालणे अवघड जाते, म्हणजे आजीचा उपाय शास्त्राला धरूनच आहे.

एवढे काम असूनही संस्थेचे संचालकपद कमलाबाईंना चार वर्षे उशिरा मिळाले. अंतर्गत राजकारण आडवे आले. ते मिळाले तेव्हा त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या.

प्रयोगशाळेबाहेरही त्यांचे लक्ष घरच्या डब्याकडेच राहिले. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था सुरू केली, त्यांत कमलाबाई होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. डाळीला अनैसर्गिक पिवळाधमक रंग दिसला, पाण्यात टाकताच पिवळे पाणी सुटले, तर ती शिजवू नये, हे आज आपण सहज बोलतो. गिऱ्हाईकाला असे सावध करण्याचे काम अशा संस्थांनी चिकाटीने केले आहे.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा गौरव आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

एका मुलीला प्रयोगशाळेत येऊ द्यावे की नाही, असा प्रश्न १९३३ मध्ये पडला होता. ती तिथे शिरली आणि तिने वाल, तूर, बटाटा, नीरा यांनाही प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. गरिबाच्या ताटातील अन्न शास्त्रज्ञाच्या अभ्यासाला कमी प्रतीचे नाही, हे तिच्या कामाने दाखवले. उद्या वाल भिजत घालाल तेव्हा ते रात्रभर भिजू द्या, आणि शिजवताना घाई करू नका.