आवाज पोहोचविणारा माणूस : नानिक मोटवाने

स्वातंत्र्यलढ्यातील सभांची जुनी छायाचित्रे निरखून पाहिली, तर वक्त्याच्या चेहऱ्याखाली एक छोटीशी पट्टी वारंवार दिसते. बोलणारे कधी महात्मा गांधी असतात, कधी पंडित नेहरू, तर कधी सुभाषचंद्र बोस. पण ध्वनिक्षेपकावरील अक्षरे तीच : शिकागो रेडिओ. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या व्यासपीठावर अमेरिकेतील शहराचे नाव कसे आले, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. प्रत्यक्षात ती कंपनी अमेरिकी नव्हती. ती मुंबईत व्यवसाय करणाऱ्या एका सिंधी कुटुंबाची होती आणि सभांच्या मैदानावर तारा अंथरण्याचे काम तिच्याकडे आणणारे गृहस्थ होते नानिक मोटवाने.

नानिक यांचे वडील ग्यानचंद चंदुमल मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधील सक्कर येथे विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला. पुढे पेढी कराचीला गेली आणि पहिले महायुद्ध संपल्यानंतर मुंबईत स्थिरावली. टेलिफोनची उपकरणे आणि त्यांचे सुटे भाग परदेशातून आणून विकणे हा तिचा मुख्य धंदा. अमेरिकी मालाच्या त्या व्यापारातूनच ‘शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनी’ हे नाव आले आणि रेडिओचा जमाना सुरू झाल्यावर त्याचे ‘शिकागो रेडिओ’ झाले. त्या काळी विलायती नाव म्हणजे मालाची हमी, असा ग्राहकांचा समज होता. (तो आजही पुरता गेलेला नाही, हे दुकानांच्या पाट्या पाहिल्या तरी कळते.) नानिक आणि त्यांचे बंधू विश्राम याच पेढीत वाढले. कुलाब्यातील रेडिओ क्लबच्या स्थापनेतही ग्यानचंद यांचा पुढाकार होता. घरातच या नव्या विद्येचे वेड होते.

मुंबईत जून १९२३मध्ये हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण केले आणि जुलै १९२७मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्या वेळी बहुतेक श्रोते रेडिओ ऐकत ते कानाला हेडफोन लावूनच, कारण त्यांना दुसरा परवडणारा पर्याय नव्हता. स्फटिकाच्या साध्या संचाला ना बॅटरी लागे, ना वीज. मात्र त्यातून मिळणारी शक्ती इतकी क्षीण असे, की ती फक्त हेडफोनचा पातळ पडदा हलवू शकत असे. घरातील चौघांनी एकाच वेळी ऐकायचे, तर व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर हवा, त्याला बॅटऱ्या हव्यात आणि शिवाय कर्णा हवा. खर्च एकदम कित्येक पटींनी वाढत असे. म्हणूनच जाणकार ग्राहक आधी अधिक संवेदनशील हेडफोन शोधत. अमेरिकेत यूटा राज्यातील नॅथॅनिएल बाल्डविन याने १९१०च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात बनविलेले हेडफोन तेथील नौदलाने स्वीकारले, ते याच गुणामुळे. दुबळ्यात दुबळा संदेशही त्यांतून ऐकू येत असे. अॅम्प्लिफायरवर करावयाचा खर्च हेडफोनच्या रचनेतच वाचला होता.

हा हिशेब अजूनही जुना झालेला नाही. पिंपरी कॅम्पाच्या बाजारात चाकणच्या कारखान्यातील एखादा तरुण अभियंता पहिल्या पगारवाढीतून उत्तम हेडफोन घ्यायला उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे नेमका हाच पेच असतो. हेडफोनचा विद्युतरोध किती आणि संवेदनशीलता किती, यावर अॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागेल की मोबाइलवरच भागेल, हे ठरते. तीनशे ओहमचा, कमी संवेदनशील नग घेतला, तर निम्मी रक्कम अॅम्प्लिफायरसाठी राखून ठेवावी लागते. बत्तीस ओहमचा संवेदनशील नग घेतला, तर तेच पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करता येतात. शक्ती दुप्पट केली, तरी आवाजाची पातळी जेमतेम तीन डेसिबलने वाढते, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. मोटवाने यांच्यापुढे हाच हिशेब आला, तो मात्र लाखभर कानांसाठी.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काँग्रेसच्या सभांचे स्वरूप पालटले होते. पूर्वी वकील-बॅरिस्टरांची भाषणे मंडपातल्या मंडपात ऐकली जात. गांधीजींच्या आगमनानंतर मंडपाच्या कनाती अपुऱ्या पडू लागल्या. त्यातून गांधीजींचा आवाज मुळातच मृदू. मागच्या रांगांना ते दिसत, पण ऐकू येत नसत. सर्वांना ऐकू जावे म्हणून गांधीजींना एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर जाऊन बोलावे लागत असे. १९२९च्या सुमारास नानिक यांनी हे दृश्य पाहिले आणि त्यांच्या मनात ध्वनिवर्धकाची कल्पना आली, असे मोटवाने कुटुंबात सांगितले जाते. कल्पना काही नवी नव्हती. सप्टेंबर १९१९मध्ये सॅन डिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सुमारे पन्नास हजारांच्या समुदायाशी ध्वनिवर्धकावरून बोलले होते. परंतु अशी यंत्रणा तयार स्वरूपात आणायची, तर तिची किंमत भारतीय पक्षाला पेलण्यासारखी नव्हती. आणि आणली, तरी बाभळीच्या रानात उभारलेल्या मंडपात ती चालवायची कोणी?

येथे तंत्राचा थोडा विचार करायला हवा. मैदानात आवाज दूर न्यायचा, तर दोन मार्ग असतात. एक म्हणजे मोठा अॅम्प्लिफायर. त्या काळी याचा अर्थ अधिक व्हॉल्व्ह, अधिक उष्णता, अधिक बॅटऱ्या आणि बिघाडाच्या अधिक जागा. दुसरा मार्ग कर्ण्याचा. साधा शंकूच्या पडद्याचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी शेकडा एक-दोन भागच आवाजात रूपांतरित करतो. कर्ण्याची कार्यक्षमता त्याच्या कित्येक पट असते. म्हणजे थोड्या शक्तीत मोठा पल्ला. आवाजाला माधुर्य कमी येते हे खरे, पण भाषणाला माधुर्यापेक्षा शब्दांची स्पष्टता हवी असते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले, की आवाज सहा डेसिबलने घटतो. म्हणून एकाच ठिकाणी मोठा भोंगा लावण्यापेक्षा मैदानभर अनेक कर्णे विखुरणे स्वस्त आणि परिणामकारक ठरते. मात्र त्यातही मेख आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, विजेचा संदेश मात्र तारेतून तत्क्षणी पोहोचतो. कर्णे चुकीच्या अंतरावर टांगले, तर जवळचा शब्द आधी आणि दूरचा तोच शब्द मागून येऊन दोन्हींचा काला होतो. कर्ण्याचे तोंड चुकून व्यासपीठाकडे वळले, तर ध्वनिक्षेपक तोच आवाज पुन्हा उचलतो आणि सभा शिट्टीने दुमदुमते. हे शास्त्र पुस्तकात वाचून येत नाही. ते मैदानावर चुका करूनच शिकावे लागते. नानिक यांनी सुमारे दोन वर्षे प्रयोगांत घालविली.

मार्च १९३१मध्ये कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी सरदार पटेल होते. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्चला फाशी दिल्याने वातावरण कमालीचे तप्त होते. गांधी-आयर्विन करारावर तरुणांचा रोष होता आणि गांधीजींना काळे झेंडे दाखविण्यात आले होते. मूलभूत हक्कांचा ऐतिहासिक ठराव याच अधिवेशनातला. असा समुदाय ऐकू येईनासे झाले, की बिथरतो. याच अधिवेशनात मोटवाने यांचे ध्वनिवर्धक उभे राहिले. आपल्याच जुन्या गावी, इतक्या नाजूक प्रसंगी ही परीक्षा देण्याचे धाडस त्यांनी केले आणि ते फळाला आले. पुढील अधिवेशनांतून शिकागो रेडिओची माणसे आणि पेटारे हे नेहमीचे दृश्य झाले.

डिसेंबर १९३६मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले आणि त्यानंतर हरिपुरा, रामगढ अशी मालिका सुरू झाली. खेड्याकडे चला हा विचार उदात्त होता. पण ध्वनिवर्धक चालविणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. तेथे वीज नव्हती. म्हणजे जनित्रे किंवा बॅटऱ्या, व्हॉल्व्हचे काचेचे नाजूक नग, वेटोळी घातलेल्या तारा आणि सुटे भाग हे सगळे रेल्वेने आणि बैलगाडीने न्यायचे. धूळ आणि दव यांपासून जपायचे. मोठ्या सभेत ऐन भाषणात व्हॉल्व्ह गेला, तर तो बदलायला मिळणारा वेळ वक्त्याच्या एखाद्या वाक्याएवढाच.

मोटवाने यांनी काँग्रेसला दिलेली सेवा नफ्याच्या हिशेबात बसणारी नव्हती. मग त्यांना त्यातून काय मिळाले? याचे उत्तर ध्वनिक्षेपकावरील त्या पट्टीत आहे. देशातील सर्वांत जास्त छायाचित्रे ज्यांची निघत, त्यांच्या मुखासमोर आपले नाव कायमचे बसविणे ही जाहिरात पैसे मोजून विकत घेता आली नसती. या व्यापारी चातुर्यामुळे त्यांची देशभक्ती कमअस्सल ठरते, असे मानण्याचे कारण नाही. त्या पिढीतील अनेक उद्योजकांच्या बाबतीत धंदा आणि देशकार्य यांच्यामध्ये रेघ ओढणे कठीण आहे, आणि त्यांना स्वतःलाही ती ओढण्याची गरज वाटली नसावी.

ती रेघ स्पष्ट झाली १९४२मध्ये. ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते गजाआड गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत गुप्त प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्याला राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन होते. काँग्रेस रेडिओ म्हणून इतिहासाला परिचित असलेले हे केंद्र पोलिसांच्या शोधयंत्रांना चुकवीत चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत जागा बदलत राहिले. त्याला लागणारी सामग्री आणि तंत्रज्ञ यांची मदत शिकागो रेडिओकडून झाली.

या मदतीचे मोल समजण्यासाठी युद्धकाळ डोळ्यांसमोर आणावा लागतो. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते. रेडिओचे सुटे भाग परदेशातून येत आणि ते आणण्याची परवानगी सरकारच्या हाती होती. मोटवाने यांचा संपूर्ण व्यवसाय एका शिक्क्यावर अवलंबून होता. सभेला कर्णे भाड्याने देणे हा कायदेशीर धंदा होता. राजद्रोही प्रक्षेपणाला हात लावणे म्हणजे पेढी, कारखाना आणि स्वातंत्र्य तिन्ही पणाला लावणे. गंमत अशी, की आयुष्यभर ज्याने आवाज जास्तीत जास्त उघड करण्याचे तंत्र घोटले, त्याच्यावर आता ऐकू जावा पण सापडू नये अशा आवाजासाठी हातभार लावण्याची वेळ आली.

सुमारे अडीच महिने हे केंद्र चालले. प्रक्षेपक बनविणारा तंत्रज्ञच पोलिसांना फितूर झाला आणि १२ नोव्हेंबर १९४२च्या रात्री महालक्ष्मी येथील जागेवर छापा पडला. खटल्यात पाच आरोपी होते : उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि नानिक मोटवाने. १९४३मध्ये विशेष न्यायालयाने बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने निर्दोष सुटले. त्यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. इतिहासाची कसोटी निराळी असते. काँग्रेस रेडिओवर लिहिणाऱ्यांनी मोटवाने यांचे नाव सहकाऱ्यांच्या यादीतून कधी वगळलेले नाही. त्यांनी मात्र या प्रकरणाचे भांडवल केले नाही आणि सुटकेनंतर ते पुन्हा आपल्या तारा आणि कर्ण्यांकडे वळले.

१९४७मध्ये ज्या सक्करहून आणि कराचीहून ही पेढी निघाली, ती दोन्ही शहरे परदेशात गेली. मोटवाने कुटुंब मुंबईत आधीच रुजलेले होते. पण त्यांचे हजारो बांधव निर्वासित होऊन महाराष्ट्रात आले. त्यांच्यासाठी उभारलेल्या छावण्यांपैकी एक पिंपरीची. आज पिंपरी-चिंचवडकर ज्याला सहजपणे ‘कॅम्प’ म्हणतात आणि जेथे हेडफोन, स्पीकर व अॅम्प्लिफायर यांची खरेदी चालते, त्या बाजाराचा उगम या विस्थापनात आहे.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू देशभर बोलत राहिले आणि शिकागो रेडिओची पट्टी त्यांच्यासोबत फिरत राहिली. नानिक यांना भाषणे नुसती पोहोचवून समाधान नव्हते. ती ध्वनिमुद्रित करून जपण्याचाही त्यांना ध्यास होता. कंपनीने पुढे नाशिक रोड येथे ‘ग्यान बाग’ या नावाने कारखाना उभारला. नावात वडिलांची आठवण आहे. ध्वनिवर्धकांबरोबर टेलिफोन यंत्रणेची सामग्री आणि विजेची मोजमाप उपकरणे तेथे बनू लागली. आयटीआयमध्ये शिकलेल्या अनेकांनी व्होल्टेज मोजण्यासाठी पहिल्यांदा हातात घेतलेल्या मीटरवर मोटवाने हे नाव वाचलेले असते. गवालिया टँकच्या छायाचित्रांशी त्या नावाचे नाते आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.