आबालाल रहिमान

आबालाल रहिमान (जन्म: सुमारे इ.स. १८६०, मृत्यू: इ.स. १९३१) हे कोल्हापूर येथील चित्रकार होते. कोल्हापूरच्या आधुनिक चित्रपरंपरेच्या आद्य चित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांनी व्यक्तिचित्रेही काढली. परंतु त्यांची ओळख मुख्यतः कोटितीर्थ तलाव आणि पंचगंगेच्या परिसरातील निसर्गचित्रांमुळे टिकून आहे.

त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चालत असे. त्यामुळे कागद, शाई आणि बारीक रेघ यांचा परिचय त्यांना बालपणीच झाला. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या यथार्थदर्शी चित्रणाचे शिक्षण घेतले. कोल्हापूरला परतल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

आबालाल यांनी निसर्गचित्रणासाठी प्रामुख्याने जलरंग व अपारदर्शक रंग वापरले. तैलरंग सावकाश वाळतात आणि त्या काळी आयात रंग व कॅनव्हास महागही होते. याउलट कागद व पाण्यात कालवायचे रंग काखेत घेऊन तलावाकाठी जाता येई आणि पहाटेचा किंवा सायंकाळचा उजेड बदलण्यापूर्वी चित्र उरकता येई. त्यांच्या चित्रांचा लहान आकार, रंगांचे सुटे ठिपके आणि झटपट ओढलेले फटकारे यांचा उगम बऱ्याच अंशी या साधनांत शोधावा लागतो. काही अभ्यासक या चित्रांची तुलना युरोपातील दृक्‌प्रत्ययवादाशी करतात. ती दिसण्यापुरती योग्य असली, तरी कोल्हापूरच्या या चित्रकाराची परिस्थिती फार वेगळी होती.

इ.स. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि आबालाल यांचा मोठा आधार तुटला. हलाखीच्या काळात ते स्वतःचे रंग स्वतःच तयार करीत. असे रंग करणे कष्टाचे असते: माती वा दगड कुटणे, खलणे, पाण्यात निवळू देणे, वरचा गाळ वेगळा करणे आणि शेवटी डिंकाच्या पाण्यात घोटणे. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग हाताला लागतो, जास्त झाला तर त्याला तडे जातात. माती व दगडांपासून केलेले रंग उन्हात टिकतात. पानाफुलांचे रंग मात्र लवकर विटतात. ज्या परिसराचे चित्र काढायचे, त्याच परिसरातील द्रव्य रंगासाठी हाताशी असल्यामुळे मातकट आणि करड्या छटा चित्रात सहज येतात.

कोटितीर्थ त्या वेळी शहराबाहेरचा शांत भाग होता. तेथील पाणी, झाडी, काठ आणि बदलते आकाश हेच विषय त्यांनी पुनःपुन्हा हाताळले. त्यांनी असंख्य चित्रे काढली, पण त्यांतील बहुतेक कागदावरची असल्याने व त्यांची नीट जपणूक न झाल्याने थोडीच उरली आहेत. त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत.