अंतराळाची मोजपट्टी

विश्व किती वेगाने प्रसरण पावते, हे काढायला दोन आकडे लागतात : दीर्घिका किती वेगाने दूर जाते आणि ती मुळात किती दूर आहे. वेग वर्णपटावरून कळतो. अंतराचे कोडे मात्र हेन्रिएटा लेविट यांच्या कामामुळे सुटले.

१८६८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या लेविट हार्वर्डच्या वेधशाळेत आधी बिनपगारी आणि पुढे तासाला ३० सेंटवर काम करत. ऐकू येणे कमी होत गेले होते. तिथे दुर्बीण पुरुषांच्या हाती. बायकांनी काचेच्या प्लेटवरचे ठिपके तपासायचे. पेरूमधल्या केंद्रातून आलेल्या प्लेटवर त्या तेज कमी-जास्त होणारे तारे शोधत. मॅजेलनच्या दोन मेघांमधले असे १७७७ तारे त्यांनी १९०८ मध्ये नोंदवले.

रात्री लांबवर दिवा दिसला, तर तो जवळचा मिणमिणता की दूरचा प्रखर, हे कसे सांगणार? ताऱ्यांचेही तेच. पण एका मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणजे जो जास्त उजळ दिसतो तो खरोखरच जास्त तेजस्वी. लेविट यांनी लहान मेघातले सेफीड जातीचे २५ तारे घेतले. तेजाच्या चढउताराला जितके जास्त दिवस, तितका तारा तेजस्वी, असा सरळ हिशेब निघाला. म्हणजे नुसते दिवस मोजा, खरे तेज कळेल. दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, अंतर मिळेल. १९१२ चा हा निबंध छापला गेला तो संचालक पिकरिंग यांच्या नावाने. मजकूर लेविट यांचा, एवढा उल्लेख मात्र त्यात आहे. पुढे त्यांना दुसऱ्याच कामाला लावले. हे खटकते.

१२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने त्या गेल्या. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत सेफीड सापडला. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी नाव सुचवावे म्हणून लेविट यांना पत्र लिहिले. त्या हयात नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हते.

१९२९ मध्ये हबल यांनी प्रसरणाचा दर काढला तो दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ५०० किलोमीटर. तो फारच जास्त होता. सेफीड दोन प्रकारचे असतात हे नंतर कळले. आज वाद ६७ की ७३ असा आहे. यातला ७३ चा आकडा सेफीडवरूनच येतो, आणि तो पडताळण्यासाठी जेम्स वेब दुर्बिणीनेही तेच तारे पुन्हा पाहिले आहेत.