लेव याशिन

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. त्यांपैकी दहांना चेंडू हाताळण्याची मनाई असते. अकरावा तेवढा आपल्या हद्दीत हातांचा उपयोग करू शकतो. हाच गोलरक्षक. चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा चौकटीचे रक्षण त्याला एकट्याने करावयाचे असते. पुढच्या फळीतील खेळाडूचा नेम दहा वेळा चुकला आणि अकराव्या वेळी साधला, तर प्रेक्षक त्याचा जयजयकार करतात. गोलरक्षकाने मात्र दहा चेंडू अडविले आणि अकरावा निसटला, तर तो निसटलेला चेंडूच लोकांच्या स्मरणात राहतो. असे हे कठीण काम लेव याशिन याने सुमारे वीस वर्षे केले.

लेवचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्को शहरात एका कामगार कुटुंबात झाला. मॉस्को ही त्या वेळी सोव्हिएट संघाची राजधानी होती. लेव अकरा वर्षांचा असताना, १९४१ साली, जर्मन फौजांनी त्याच्या देशावर स्वारी केली. त्याचे वडील ज्या कारखान्यात काम करीत, तो व्होल्गा नदीकाठच्या उल्यानोव्स्क या गावी हलविण्यात आला आणि कामगारांची कुटुंबेही तिकडे गेली. मोठी माणसे रणांगणावर गेल्यामुळे कारखान्यांना कामकरी हात अपुरे पडू लागले. तेव्हा ज्या वयात मुलांनी शाळेत जावयाचे, त्या वयात लेव उमेदवार फिटर म्हणून यंत्रापुढे उभा राहिला. युद्ध संपले, कुटुंब मॉस्कोस परत आले; परंतु कोवळ्या वयातील त्या कष्टांचा परिणाम राहिलाच. अठराव्या वर्षी त्याचे मन इतके थकून गेले, की त्याने कामावर जाणेच सोडून दिले. पुढे तो लष्करी सेवेत शिरला, आणि तेथे फुटबॉलने त्याला पुन्हा उभे केले. त्याचा खेळ पाहून डायनॅमो मॉस्को या क्रीडासंस्थेचे शिक्षक अर्कादी चेर्निशेव यांनी १९४९ साली त्याला आपल्या तरुणांच्या संघात घेतले.

डायनॅमोचा मुख्य गोलरक्षक होता अलेक्सेई खोमिच. त्याच्या चपळाईमुळे लोक त्याला वाघ म्हणत. या वाघाच्या जागी उभे राहण्याची संधी याशिनला १९५० साली एका मैत्रीपूर्ण सामन्यात मिळाली, आणि तेथे त्याची मोठीच फजिती झाली. प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाने चेंडू उंच व दूर टोलविला. याशिन वर पाहत पुढे धावला, आपल्याच एका खेळाडूवर आदळला आणि चेंडू त्या दोघांना चुकवून जाळ्यात शिरला. एका गोलरक्षकाने दुसऱ्या गोलरक्षकावर गोल करावा, ही गोष्ट इतकी विरळा, की तिचे हसू झाले नसते तरच नवल! त्यानंतरच्या दोनतीन सामन्यांतही त्याला यश आले नाही. त्याला राखीव संघात धाडण्यात आले आणि तेथे त्याने तीन वर्षे काढली. मधल्या काळात तो बर्फावरील हॉकीमध्येही गोल राखू लागला. तो चेंडूपेक्षा कितीतरी लहान अशी चकती अडवीत असे. १९५३ साली डायनॅमोने बर्फावरील हॉकीचा राष्ट्रीय चषक जिंकला, त्या संघात याशिन होता. त्याच वर्षी फुटबॉलच्या मुख्य संघातही त्याला पुन्हा जागा मिळाली. आता दोहोंपैकी एक खेळ निवडणे भाग होते. त्याने फुटबॉल निवडला, आणि १९५४ साली तो देशाच्या संघातून खेळू लागला.

त्या काळी गोलरक्षक दोन खांबांमधील रेषा सोडून फारसा हलत नसे. याशिनने ही रीत मोडली. धोका दिसताच तो पुढे धाव घेई आणि प्रतिस्पर्ध्याने नेम धरण्यापूर्वीच चेंडूवर झडप घाली. उंच आलेला चेंडू गर्दीत पकडणे अवघड दिसले, तर तो मुठीने दूर हाणी. साऱ्या मैदानाचे चित्र गोलरक्षकालाच समोर दिसत असते. म्हणून तो आपल्या रक्षकांना मोठ्याने हाका मारून कोणी कोठे उभे राहावे ते सांगत असे. चेंडू हाती आला, की तो लाथेने आकाशात न उडविता आपल्या मोकळ्या खेळाडूकडे झटकन फेकी, आणि बचाव संपतो न संपतो तोच चढाई सुरू होई. आज शाळेच्या संघातील गोलरक्षकही हे सर्व करतो; त्या वेळी ते नवे होते.

लांबून काळाच भासणारा गडद पोशाख, उंच अंगलट आणि लांब हात! या माणसाला आठ हात आहेत की काय, असे प्रतिपक्षाला वाटे. त्यामुळे जगभर त्याला काळा कोळी हे नाव पडले. आपल्या भाषेत कोळी शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि गंमत अशी, की मासे पकडणे हा याशिनचा अत्यंत आवडता छंद होता.

१९५६ साली मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याच्या संघाने अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाचा एका गोलने पराभव करून सुवर्णपदक मिळविले. याच युगोस्लाव्हियाने उपांत्य फेरीत भारताला हरविले होते. मूळच्या गोमंतकीय नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला, ती हीच स्पर्धा. १९५८ च्या विश्वचषक स्पर्धेत याशिनने ऑस्ट्रियाविरुद्ध पेनल्टीचा फटका अडविला. १९६० साली पॅरिसमध्ये सोव्हिएट संघाने युरोपीय राष्ट्रांचा पहिला चषक जिंकला.

आणि मग १९६२ साल उजाडले. विश्वचषकाचे सामने दूर दक्षिण अमेरिकेतील चिली देशात होते. कोलंबियाविरुद्ध याशिनच्या संघाची आघाडी ४-१ अशी होती. एवढ्यात कोपऱ्यावरून मारलेला चेंडू जवळच्या खांबापाशी असलेल्या रक्षकाने जाऊ दिला आणि तो सरळ जाळ्यात गेला. संघ गोंधळला, आणखी दोन गोल झाले व सामना बरोबरीत सुटला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीने त्यांना २-१ असे हरविले. चिलीतील सामने मायदेशी दूरचित्रवाणीवर दिसत नव्हते. लोकांना जे कळले ते वार्ताहरांनी लिहिले तेवढेच, आणि पराभवाचे खापर याशिनच्या माथी फुटले. वास्तविक दोष साऱ्या संघाचा होता. पण दोष देण्यास एक माणूस सापडला, की लोकांना बरे वाटते. तो मॉस्कोस परतला तेव्हा प्रेक्षक त्याची हुर्यो करू लागले. त्याच्या घरावर दगड पडले, खिडक्यांच्या काचा फुटल्या, धमकीची पत्रे आली. तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या याशिनने खेळ कायमचा सोडण्याचा विचार केला. काही दिवस तो गळ घेऊन पाण्याकाठी जाऊन बसला. नंतर हळूहळू सरावास आला आणि पुन्हा खांबांमध्ये उभा राहिला.

पुढच्याच वर्षी त्याने राष्ट्रीय साखळी स्पर्धेत २७ सामने खेळून अवघे सहा गोल होऊ दिले, आणि डायनॅमोने ती स्पर्धा जिंकली. ऑक्टोबर १९६३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त इंग्लंडविरुद्ध उर्वरित जगाचा निवडक संघ असा सामना लंडनच्या वेंब्ली मैदानावर झाला. जगाच्या संघाचा गोल पूर्वार्धात याशिनने राखला, आणि तो मैदानावर असेपर्यंत इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. त्या वर्षी युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा सोन्याचा चेंडू त्याला मिळाला. २०२५ सालापर्यंत दुसऱ्या कोणाही गोलरक्षकाला हा मान मिळालेला नव्हता.

१९६६ च्या विश्वचषक स्पर्धेत सोव्हिएट संघ चौथा आला, तेव्हा याशिन छत्तीस वर्षांचा होता. २७ मे १९७१ रोजी मॉस्को येथे त्याच्या निरोपाचा सामना झाला. त्यासाठी देशोदेशींचे नामवंत खेळाडू आले होते आणि स्टेडियममध्ये लाखभर माणसे जमली होती. खेळ चालू असतानाच त्याने आपली जागा सोडली, हातमोजे व्लादिमीर पिल्गुई या तरुण गोलरक्षकाच्या स्वाधीन केले आणि तो मैदानाबाहेर आला.

अखेरची वर्षे त्याला सुखाची गेली नाहीत. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे त्याचा एक पाय कापावा लागला. पुढे कर्करोगाने त्याला ग्रासले आणि २० मार्च १९९० रोजी मॉस्कोत त्याचे निधन झाले. चार वर्षांनी, १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेत, सर्वोत्कृष्ट गोलरक्षकासाठी याशिनच्या नावाचे पारितोषिक प्रथमच देण्यात आले. ते बेल्जियमच्या मिशेल प्रुदॉम याला मिळाले.