थंडीचे दोन्ही गुण पाहिलेले डॉ. लारे

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर बर्फाचा शेक देतात. थंडीने वेदना बोथट होते, हे डॉमिनिक-जाँ लारे यांनी रणांगणावर पाहिले होते.

1766 मध्ये पिरेनीज पर्वतराजीत जन्मलेले लारे नेपोलियनच्या सैन्यात शल्यचिकित्सक झाले. जखमींना झटपट हलवण्यासाठी त्यांनी हलक्या घोडागाड्या आणल्या. उपचारांत हुद्दा नव्हे, जखम पाहिली.

फेब्रुवारी 1807 मध्ये आयलाऊच्या लढाईत कडाक्याची थंडी होती. भुलीशिवाय हातपाय कापावे लागत. पण गारठलेल्या अवयवांत वेदना कमी असल्याचे त्यांना आढळले. थंडीत मज्जातंतूंचे संदेश मंदावतात. मात्र गोठलेले पाय शेकोटीला धरणाऱ्यांना गँगरीन झाल्याचेही त्यांनी पाहिले. गोठलेला भाग बर्फाने चोळण्याचा त्यांचा सल्ला पुढे चुकीचा ठरला.

1842 मध्ये लारे वारले. ईथरची भूल चारच वर्षांनी, 1846 मध्ये जगापुढे आली.

आजही थंडी दुधारीच आहे. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांजवळची त्वचा अनेकदा बधिर असते. थंडीची इजा कळत नाही. म्हणून बर्फ कापडात गुंडाळावा, 15-20 मिनिटांत काढावा, त्वचा पाहावी. मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.