सागरोबाकडे मागितलेले नाव

१९८२ साली मी विट्याच्या शाखेत बचत खात्यांच्या काउंटरवर कारकून होतो. संगणक तेव्हा आमच्या गावापर्यंत पोहोचलेला नव्हता. जाडजूड लेजरे, त्यांच्या पाठीला चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि सुरुवातीला खातेदारांच्या नावांची अनुक्रमणिका, असा सगळा कारभार. आमच्या भागात अर्ध्या गावाचे आडनाव एकच असते, म्हणून ही अनुक्रमणिका आम्ही पहिल्या नावाने करीत असू. एकाच गावचे, एकाच नावाचे आणि वडिलांचेही नाव तेच असे दोन खातेदार निघाले की दोघांच्या पानांवर तांबड्या शाईने इशारा लिहायचा, नाहीतर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर चढायचे. असे तांबडे शेरे यशवंतांच्या पानांवर फार पडलेले होते.

एके दिवशी एक आजी नातवाला घेऊन खाते काढायला आली. पोराची जन्मतारीख विचारली, तर पोरगा दाखला शोधू लागला. आजीने मध्येच सांगून टाकले, की चव्हाणसाहेब दिल्लीला गेले त्या दिवसांतला तो. म्हणजे नोव्हेंबर १९६२. आणि म्हणून त्याचे नाव यशवंत ठेवले, हेही तिने मी न विचारता सांगितले. दाखला सापडला. महिना आणि वर्ष दोन्ही बरोबर होते.

त्या आजीने नाव उचलले ते एका माणसाकडून. त्या माणसाला ते मिळाले होते दुसऱ्या एका आजीकडून, विट्याहून फार लांब नसलेल्या देवराष्ट्रे गावात. ती हकीकत वाचल्यापासून यशवंत हे नाव माझ्या डोक्यातून गेले नाही.

आधी नावाचे कूळ पाहू. संस्कृतात यशस् म्हणजे कीर्ती, लौकिक. मराठीने त्याला वंत जोडून बळवंत, जयवंत, गुणवंतांच्या पंगतीला बसवले. उत्तरेत याचेच जसवंत होते. शाहिस्तेखान पुण्यात बसला होता त्या काळात जोधपूरचा जसवंतसिंह दक्षिणेत आला आणि १६६३-६४ मध्ये सिंहगडाला वेढा घालून हात हलवत परतला. म्हणजे हे नाव सह्याद्रीतून अपयश घेऊनही गेलेले आहे. पुढे यशवंतराव होळकरांनी १८०२ च्या दिवाळीत हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. पराक्रम मोठा, पण त्यातून दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला पळाला आणि वसईचा तह झाला. सटाण्याचे यशवंत महादेव भोसेकर हे मामलेदार. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटला आणि ते देवमामलेदार झाले. तपासणीच्या वेळी खजिना भरलेलाच निघाला असे भाविक सांगतात. तीस-बत्तीस वर्षे ऑडिटरांना तोंड दिलेल्या माझ्यासारख्याला या कथेचे अप्रूप जरा जास्तच वाटते.

आणि आमच्या सातारा-सांगलीचे म्हणाल, तर कवी यशवंत. यशवंत दिनकर पेंढरकर, जन्म १८९९ चा, साताऱ्यातल्या चाफळचा, शिक्षण सांगलीला. त्यांना आपल्या नावाचे केवढे प्रेम! कवितासंग्रहांची नावे पाहा: यशोधन, यशोगंध, यशोनिधी. आईवर त्यांनी लिहिलेली कविता ठाऊक नाही असे मराठी घर त्या पिढीत शोधून सापडले नसते.

पण मराठीत आल्यावर यश या शब्दाचा अर्थ हळूच सरकला. आपण यश म्हणतो तेव्हा कीर्ती नसते मनात; हाती घेतलेले काम पार पडणे असते. वैद्याच्या हाताला यश असते ते या अर्थाने. दूर रशिया-युक्रेनकडे यारोस्लाव, व्याचेस्लाव अशी नावे ठेवतात. त्यातला स्लाव म्हणजे कीर्ती, आणि भाषेचे अभ्यासक त्याचे नाते थेट वेदांतल्या श्रवस् शब्दाशी जोडतात. म्हणजे तिकडच्या आईबापांनीही मुलांसाठी कीर्तीच मागितली. देवराष्ट्र्याच्या आजीचे मागणे मात्र वेगळे होते.

१२ मार्च १९१३. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले, म्हणून आज ते सांगलीत मोजतात. विठाई बाळंतपणासाठी माहेरी आलेली. प्रसूती अवघड झाली, तिची शुद्ध हरपली. डॉक्टर नाही, दवाखाना नाही. तिच्या आईने गावाजवळच्या डोंगरातल्या सागरोबाला हाक घातली. माझ्या लेकीला यातून सोडव, यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवीन, असा तो नवस. विठाई वाचली, मूलही वाचले. नातू मुख्यमंत्री व्हावा, मंत्री व्हावा असे त्या बाईच्या स्वप्नातही नव्हते. तिला लेक जिवंत हवी होती. तिच्या लेखी यश म्हणजे तेवढेच.

वडिलांचे नाव बळवंतराव. ते विट्याच्या कोर्टात बेलिफ होते. बळवंताचा यशवंत, असे हे नाव घराण्यातही चपखल बसले. पण मुलगा चार-पाच वर्षांचा असताना बळवंतराव प्लेगने गेले. थोरल्या ज्ञानोबांना वडिलांच्या जागी बेलिफाची नोकरी मिळाली आणि कुटुंब कराडला आले. विठाईला अक्षरओळख नव्हती. मुलांना शिकवायचेच हे मात्र तिने धरून ठेवले होते.

कराडच्या टिळक हायस्कुलातला एक प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. शिक्षकांनी वर्गात विचारले, पुढे कोण व्हायचे आहे. मुलांनी मोठमोठ्या माणसांची नावे सांगितली. या मुलाने सांगितले, की तो यशवंतराव चव्हाण होणार. शिक्षकांना तो अहंकार वाटला आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. मला स्वतःला हा प्रसंग अहंकाराचा कधीच वाटला नाही. बाप नाही, शेतीचा आधार जेमतेम, भावाच्या तुटपुंज्या पगारावर सगळे घर. त्या मुलाजवळ स्वतःचे म्हणावे असे काय होते? नवसाने मिळालेले एक नाव. त्याने तेवढे घट्ट धरले, इतकेच.

१९३२ मध्ये शाळेच्या आवारात तिरंगा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वय एकोणीसच्या आत. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगांत मोठ्या माणसांची संगत मिळाली आणि वाचनाची भूक लागली ती शेवटपर्यंत गेली नाही. कोल्हापूरला बी. ए., पुण्याला कायद्याची पदवी. मग २ जून १९४२ ला कराडमध्ये लग्न झाले, फलटणच्या मोरे घराण्यातल्या वेणूताईंशी.

या लग्नाची हकीकत सांगताना माझी लेखणी नेहमी अडखळते. दोन महिन्यांत चले जाव सुरू झाले आणि नवरा भूमिगत. पोलिसांना तो सापडेना, तेव्हा त्यांनी बायकोला उचलले. सासरची पहिली संक्रांत या नव्या सुनेने कोठडीत काढली. गणपतराव हा मधला भाऊही तुरुंगात गेला. थोरले ज्ञानोबा शस्त्रक्रियेनंतर वारले. वेणूताई आजारी असल्याचे कळून यशवंतराव मे १९४३ मध्ये फलटणला भेटायला आले आणि तेथेच पकडले गेले. पुढे गणपतरावांनाही क्षयाने नेले. चळवळीला यश आले. पण आजीच्या अर्थाने पाहिले, तर या घरातली माणसे एकेक करून हातची निसटत होती. वेणूताईंना मूलबाळ झाले नाही.

यापुढचे पुष्कळसे पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणून पुढच्या गोष्टी भराभर सांगतो. १९४६ ला आमदार. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, वय त्रेचाळीस. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते नेहरूंच्या बाजूला राहिले आणि लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवले. १९५७ ला घरच्या कराडमध्येही ते जेमतेम निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा काळी निशाणे घेऊन माणसे वाटेत उभी होती. त्या काळी या भागात मुलाचे नाव यशवंत ठेवायला आईबाप कचरत असतील, असे मला वाटते. १ मे १९६० ला महाराष्ट्राचा कलश त्यांच्याच हाती आला आणि वारे फिरले.

मला त्यांच्या कारकिर्दीतली एकच गोष्ट थांबून सांगाविशी वाटते. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली. जातीची अट नाही. घरची गरिबी तेवढी पाहिली. आमच्या बँकेतले माझ्या आधीच्या पिढीचे निम्मेअधिक सहकारी या सवलतीवर शिकलेले होते. बेलिफाच्या मुलाने कोणाची फी भरली, याचा हिशेब आमच्या लेजरात कधी आला नाही. पण काउंटरच्या आत बसलेली माणसे तिथूनच आलेली होती.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनने मारलेल्या तडाख्यानंतर नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावले. विट्याच्या त्या आजीचे पंचांग तिथले. १९६५ मध्ये, पाकिस्तानशी लढाई जुंपण्याच्या सुमाराला, विठाई गेल्या. मग गृहखाते, १९७० पासून चार वर्षे अर्थखाते, त्यानंतर परराष्ट्र. अर्थमंत्री म्हटला की लोकांना वाटते नोटेवर याची सही असणार. तसे नसते. नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही, आणि एक रुपयाच्या नोटेवर अर्थसचिवाची. एवढे मोठे खाते सांभाळून या यशवंताचे नाव एकाही नोटेवर नाही.

शेवटची वर्षे उताराची. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली. १९७९ ला ते चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. ते सरकार काही महिन्यांचे. १९८० च्या निवडणुकीत साताऱ्याने त्यांना पाठवले, पण पक्ष धुऊन निघाला होता. पुढे ते इंदिरा गांधींकडे परतले. परतणाऱ्याला दारात जरा ताटकळत ठेवायची रीत दिल्लीत आहे, ती त्यांनाही चुकली नाही. त्यांच्यावर कुंपणावर बसल्याचा आरोप झाला, आजही होतो. तो सगळा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. निर्णायक क्षणी वाट पाहण्याचा त्यांचा स्वभाव होता, आणि राजकारणात वाट पाहणाऱ्याची गाडी पुष्कळदा चुकते. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले, ते काम त्यांनी मन लावून केले.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाला एक्केचाळीस वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता. त्यांच्यानंतर हा माणूस सावरला नाही, असे जवळची माणसे सांगत. त्याच सुमारास कृष्णाकाठ पूर्ण झाले, १९८४ मध्ये छापून आले. सागरोबाच्या नवसाची गोष्ट त्यातच आहे. आत्मचरित्राचे तीन खंड योजले होते. पहिला १९४६ पाशी थांबतो, आणि पुढचे दोन झाले नाहीत.

२५ नोव्हेंबर १९८४, रविवार. दिल्लीत ते वारले. तेव्हा माझी कराडला बदली झालेली होती. पार्थिव कराडला आणले त्या दिवशी खेड्यांतून ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरभरून माणसे येत होती. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पाय ठेवायला जागा नव्हती. मला चितेपर्यंत जाता आले नाही. गर्दीत एका बापाने खांद्यावरच्या पोराला खाली उतरवले आणि टोपी काढायला सांगितले, तेवढे मला दिसले.

आता त्यांचे नाव कुठे नाही? नाशिकचे मुक्त विद्यापीठ, मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग, पुण्यातली प्रशासन-प्रशिक्षणाची संस्था. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून यशदा झाले, आणि यशदा म्हणजे यश देणारी. सागरोबाच्या पायथ्याच्या आजीला ते आवडले असते. मुलांच्या नावांत मात्र वंत आता फारसा उरला नाही. माझ्या नातवाच्या वर्गात तीन यश आहेत, यशवंत एकही नाही.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम देवराष्ट्र्याला जाऊन आलो. जन्माचे घर जपले आहे. सागरेश्वराच्या डोंगरावर, जो एके काळी उघडाबोडका होता, आता अभयारण्य आहे. परतताना कराडला थांबलो आणि त्यांच्या पुस्तकांच्या कपाटांसमोर एक दुपार काढली. कादंबऱ्या, कविता, चरित्रे, इंग्रजी-मराठी सगळे. ही पुस्तके ज्या वास्तूत आहेत तिच्यावर त्यांचे नाव नाही. पत्नी गेल्यावर त्यांनीच विश्वस्त संस्था काढली आणि तिला नाव दिले वेणूताई चव्हाण.