तंजावरचे सरफोजी राजे आणि करुप्पूरचे चित्रवस्त्र



तुमच्यापैकी काहीजण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडचे, तर काहीजण गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीचे असतील. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसणारी ढिवर कुटुंबे आणि मागावर करवतकाठी विणणारे विणकर तुमच्या परिचयाचे असतील. येथून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेस मराठी बोलणाऱ्या एका राजघराण्याने अशाच एका ग्रामीण वस्त्रकलेला आश्रय दिला होता. त्या घराण्यातील सरफोजी राजे दुसरे यांचे चरित्र या घटकात आपण पाहणार आहोत. चरित्र वाचताना राजाने काय केले हे पाहाच. परंतु राजा गेल्यावर काय उरले, हेही पाहा.

जन्म आणि राज्यप्राप्ती

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरात भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. या घराण्याच्या एका शाखेत इ. स. १७७७ मध्ये सरफोजींचा जन्म झाला. राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. त्यांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, या मुलास दत्तक घेतले. मात्र तुळजाजींचे बंधू अमरसिंह गादीवर बसले आणि दत्तकपुत्राचे बालपण असुरक्षिततेत गेले. या काळात श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला व त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, मानमरातब आणि महसुलाचा ठराविक हिस्सा एवढेच राहिले.

सत्तेवाचून राज्य

येथे या चरित्राचे मर्म आहे. सैन्य आणि प्रशासन हाती नसलेल्या या राजाने आपली शक्ती विद्या व कला यांकडे वळवली. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हस्तलिखिते व छापील ग्रंथ यांची मोठी भर घातली. धन्वंतरी महालात औषधोपचार होत. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही अभ्यासल्या जातात. १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीतून बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरला गेला. त्यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बाळबोध मुक्तावली’ हा इसापच्या कथांचा मराठी अनुवाद बाहेर पडला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हे नाव तुम्हांला पुन्हा भेटेल.

करुप्पूरचे वस्त्र

कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर या गावातील कारागीर या दरबारासाठी वस्त्रे तयार करीत. सरफोजी व त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळात ही कला बहरास आली. तिची रीत समजून घ्या. विणकर तलम सुती कापडात सोन्याच्या जरीची नक्षी विणे. त्यानंतर ते कापड चित्रकाराकडे जाई. तो कलमाने रेषा काढी आणि ज्या भागावर रंग नको तो मेणाने झाकी. कापड रंगात बुडवले की मेणाखालचा भाग कोरा राही. सायवेर या वनस्पतीच्या मुळापासून गडद लाल रंग मिळे. शेवटी मेण निघून गेल्यावर लाल भूमीतून जरीची मंद झळाळी दिसे. एका वस्त्रात विणकर, चित्रकार आणि रंगारी अशा तिघांचे कौशल्य एकवटत असे. त्यातला एकजण जरी मागे हटला, तरी वस्त्र होत नसे.

अशा साड्या, धोतरे व पागोटी राजघराण्यात वापरली जात. हे कापड बाजारात दुकानोदुकानी विकले जाणारे नव्हते. त्याचे मोठे गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे राजवाडा. तेच त्याचे वैभव होते आणि तीच त्याची दुर्बलता.

आश्रय संपल्यावर

१८३२ मध्ये सरफोजींचे निधन झाले. १८५५ मध्ये शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. दरबार गेला, तशी मागणीही गेली. गिरणीचे स्वस्त कापड येत होतेच. पुढील काही दशकांत जरी आणि कलम यांचा तो संयोग मावळला. उरलेल्या साड्या आता संग्रहालयांत आहेत. कलमकारीचा अंश मात्र मंदिरांसाठी रंगवलेल्या छतांच्या व तोरणांच्या रूपाने टिकला. करुप्पूर कलमकारीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सरफोजींनी कलेची कदर केली, यात शंका नाही. तरीही कारागिराला राजाखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळावे, ही तजवीज त्या व्यवस्थेत नव्हती. हा दोष एकट्या राजाचा म्हणता येणार नाही. तो त्या काळच्या आश्रयपद्धतीचा होता. आज राजाची जागा सरकारी खरेदी, प्रदर्शन किंवा एखादी संस्था घेते. करवतकाठीच्या विणकरालाही हाच प्रश्न आहे: तीन धोट्यांनी करवतीच्या दातांसारखा काठ विणणारा हात आपल्या मुलाने शिकावा, इतके दाम त्याला नियमितपणे देणारे गिऱ्हाईक कोठे आहे?

भाषेच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कला थांबते तेव्हा तिचे शब्दही थांबतात. अवजारांची, रंगांची, वीणीच्या चुकांची नावे कोशात क्वचितच सापडतात. ती कारागिराच्या बोलण्यात असतात.

स्वाध्याय

१. सरफोजी राजांच्या कार्यावर १७९९ च्या तहाचा कोणता परिणाम झाला, ते स्पष्ट करा.
२. करुप्पूरच्या वस्त्राचे वैभव हीच त्याची दुर्बलता कशी ठरली?
३. आपल्या परिसरातील एखाद्या विणकराशी किंवा अन्य कारागिराशी बोला. त्याच्या व्यवसायातील पंचवीस शब्द त्याच्याच उच्चारात लिहून घ्या व त्यांचे अर्थ नोंदवा. त्याची कमाई कोणावर अवलंबून आहे, हेही त्याला विचारा.